बैल वरून कसे दिसतात

तो रविवार अगदी साधा होता. सकाळी नळाला पाणी आलं नाही. दुपारी आईनं शेपूची भाजी केली आणि अण्णांनी ती नेहमीसारखी ताटाच्या कडेला सारून ठेवली. चारच्या सुमारास त्यांनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली आणि चौतीस वर्षांत साठवलेली मुलांची चित्रं फरशीवर मांडायला घेतली. माझे वडील सोमेश्वर सर वडवणीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त होताना बाकीच्या शिक्षकांनी शाल आणि नारळ घरी नेला; अण्णांनी ही पेटी आणली.

"योगिता, हे सगळं कॉम्प्युटरात घालता येईल का गं? कॅलेंडर म्हण, पिशवी म्हण, काहीतरी छापू. पेटीत ठेवून उपयोग काय?"

"बघू," मी म्हणाले. मी बीडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाचकाला तोंडावर नाही म्हणायचं नसलं की आम्ही 'बघू' म्हणतो.

मग त्यांनी ढिगातून एक चित्र उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे कुणाचं गं?"

"माझं. मागं नाव आहे की."

"हां," ते म्हणाले. "नाव आहे खरं." आणि त्यांनी ते परत ढिगात ठेवलं. मला साडेपाचची बीडची गाडी धरायची होती. चपला घालता घालताच मी 'येते' म्हणाले. सोमवारी सकाळी चहा घेऊन ते ओट्यावरच्या खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

ते चित्र माझं नव्हतं. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या सगळ्या फजितीत मी नेमकी कशाला घाबरत होते ते कळेल. सहावीत माझ्या बाकावर कडूबाई नावाची मुलगी बसायची. मावशीकडं राहून शिकायची आणि दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली की थेट चैत्रात उगवायची. जायच्या आदल्या दिवशी तिनं स्पर्धेसाठी काढलेलं चित्र माझ्या हातात दिलं. "सरांना दे," म्हणाली. मी दिलं. फक्त देण्याआधी त्यावर माझं नाव लिहिलं. माझं स्वतःचं चित्र म्हणजे दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि नदीत न मावणारं एक बदक. आणि मी चित्रकलेच्या सरांची मुलगी होते. कडूबाईच्या चित्राला जिल्ह्यात पहिला नंबर मिळाला. बक्षिसाची चोवीस रंगांची पेटी मी कधी उघडली नाही, रंग आतल्या आत वाळून गेले. पुढच्या वर्षी कडूबाई शाळेत आलीच नाही. सत्तावीस वर्षं कुणी काही विचारलं नाही. मग अण्णांनी विचारलं, आणि मी म्हणाले, मागं नाव आहे की.

त्यानंतरचं वर्ष मी कुठंही नीट बसले नाही. ग्रंथालयातली कपाटं दोनदा हलवली. प्राचार्यांना वाटलं, बाई कामाच्या आहेत. दर रविवारी वडवणीला जायचं, पोचल्या पोचल्या परतीच्या गाडीची वेळ विचारायची, आणि बीडला आलं की वडवणीला काहीतरी विसरलं असं वाटत राहायचं.

मे महिन्यात प्रथम पुण्यस्मरणाची बोलणी निघाली. आमच्याकडं पुण्यस्मरण म्हणजे कीर्तन, पंगत, आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक स्टीलचं भांडं, त्यावर मयताचं नाव टोचलेलं. आमच्या स्वयंपाकघरातले डबे बघून गेल्या तीस वर्षांत गावातलं कोण कोण गेलं त्याची यादी करता येईल. आमची साखर एका तलाठ्यात असते आणि शेंगदाणे एका माजी सरपंचात. अण्णांमध्ये कुणीतरी हरभऱ्याची डाळ भरून ठेवणार, ही कल्पना मला सहन होईना.

"आई, भांडी नको. अण्णांच्या मनात होतं तसं मुलांच्या चित्रांचं कॅलेंडर करू."

खरं तर मला चित्रांपेक्षा त्यावरचे शेरे छापायचे होते. अण्णा प्रत्येक चित्राच्या कडेला लाल पेन्सिलीनं दोन ओळी लिहायचे आणि मुलाचं नाव घातल्याशिवाय एकही ओळ लिहायचे नाहीत. 'अंगद, कोंबडा रुबाबदार आहे. पण पाय दोनच ठेवावेत.' 'दिपाली, आभाळ रोज निळं नसतं हे तुला कळलं. शाब्बास दिपाली.' अण्णांचा आवाज कुठं राहिला असेल तर त्या लाल ओळींत. तो छापून घ्यायचा आणि लोकांच्या घरात पोचवायचा, इतकीच माझी योजना होती.

योजना ऐकायला शेजारचे बद्रीनाथ काका आले होते. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण नियंत्रण सुटलेलं नाही.

"जूनमदी कॅलेंडर? कावून?" काका म्हणाले. "अर्धं साल गेल्यावर कॅलेंडर वाटनं म्हंजी गाडी सुटल्यावर तिकीट फाडनं."

"जूनपासूनच छापू. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं."

"शाळंचं होतंय. लोकांचं? लोकायनी काय दर जूनला वरच्या वर्गात जायचं का?"

शेवटी आईनं निकाल दिला. "पिशवी करा. पिशवी कुनी टाकून देत न्हाई." मग तिनं पेटीत डोकावून विचारलं, "आन् तुजं चित्र कुठाय?"

"ते राहू दे."

"राहू दे कसं? पैल्या नंबराचं हाय!" तिनं तळातून ते बरोबर शोधून काढलं आणि गठ्ठ्यात घातलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ते चित्र मी सहावीनंतर एकदाही सरळ बघितलेलं नव्हतं. त्या रविवारीसुद्धा मी फक्त त्याची मागची बाजू बघितली होती.

छपाईसाठी चित्रं आधी संगणकात जायला हवीत. मी मोबाइलवर फोटो काढले. अकरा फोटोंत माझा अंगठा आला. म्हणून गठ्ठा घेऊन बाजारातल्या अंगदकडं गेले. अंगद म्हणजे तोच, चार पायांच्या कोंबड्याचा. आता त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि गावातला प्रत्येक वाढदिवस त्याच्या हातून जातो.

"ताई, सरांचं काम म्हंजी घरचं काम. पन पिशवीवर शाळंचं नाव टाकायचं तर शाळंचं पत्र लागतंय. मागं एकदा लई झंझट झालतं."

शाळेत मुख्याध्यापकांनी मला बसायला खुर्ची दिली आणि डेडस्टॉक रजिस्टर मागवलं. चाळीस पानं उलटल्यावर त्यांचं बोट एका नोंदीवर थांबलं.

"हे पाहा मॅडम. 'विद्यार्थ्यांची चित्रे, एक पेटी.' एक पृथ्वीगोल आणि दोन मोडक्या खुर्च्या यांच्यासोबत ही चित्रे सोळा वर्षांपूर्वी निर्लेखित झालेली आहेत. म्हणजे शासनाच्या दृष्टीनं ती अस्तित्वात नाहीत."

"माझ्या घरी आहेत."

"असतील. पण जी वस्तू अस्तित्वात नाही तिच्या छपाईला मी परवानगी कशी देऊ?"

"मग परवानगीशिवाय छापू?"

"तसं कसं? शाळेची चित्रं आहेत ती."

मी आयुष्यभर तत्त्वज्ञानाचे विभाग लावत आले आहे, पण असण्या-नसण्याचा प्रश्न इतका चोख मांडलेला कुठं वाचला नव्हता. मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच तोड काढली: शाळेचं नाव न घालता 'एक शाळा' असं छापावं. त्यासाठी पत्राची गरज नाही. मी नमस्कार करून उठले. खुर्चीचा एक पाय हलत होता. ती बहुधा निर्लेखितच असावी.

आठवड्यानं अंगदचा फोन आला. "ताई, या. एक नंबर झालंय."

पडद्यावर जे होतं ते ओळखायला मला वेळ लागला. दिपालीच्या पत्र्याच्या घरामागं बर्फाचे डोंगर उगवले होते. कोंबडा एखाद्या पुढाऱ्यासारखा चकाकत होता, पाय दोन. सगळ्या मुलांच्या चेहऱ्यावर एकच हसू होतं.

"एआयमधून काढलंय समदं," अंगद म्हणाला. "आन् कडंला लई लाल डाग व्हते. बसून एकेक पुसला. दोन दिस गेले बगा."

माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यानं पंखा वाढवला.

"अंगद, ते डाग सरांनी लिहिले होते."

मग त्यानं गठ्ठा उपसून आपला मूळ कोंबडा काढला, कडेचा शेरा ओठ हलवत वाचला, आणि सगळं काम पुसून पहिल्यापासून सुरू केलं. पुढचे चार दिवस मी रजा टाकून त्याच्या शेजारी बसले. मधेमधे लोक वाढदिवसाचे फोटो घेऊन येत आणि मला ग्राहक समजून विचारत, "तुमच्या साहेबांचा कितवा?" बारा शेरे निवडले आणि पिशवीच्या मागच्या बाजूला घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल, जसेच्या तसे बसवले. पहिल्या नमुन्यावर 'वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा' ही ओळ राहून गेली होती, ती काढली.

पुढच्या बाजूला एकच चित्र हवं होतं. अंगदनं विचारही केला नाही.

"हे बैलाचं. कावून सांगू? एआयला बी ह्यात काय सुदारता आलं न्हाई. जसंच्या तसं सोडलं त्यानं. फकस्त कडंची घान तेवडी कापली म्या."

"दुसरं घे. तुझा कोंबडा घे."

"कोंबडा चार पायाचा हाय ताई. सरांनीच लिवलंय."

तेव्हा मी सांगू शकले असते. पण आई आली होती, आणि ती पदरानं पडद्यावरची धूळ पुसून त्या चित्राच्या कडेला अंगदनं उभं टाइप केलेलं माझं नाव वाचत होती. वर्षभरात मी तिला पहिल्यांदा असं खुलून बघताना पाहिलं. मी पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले. त्या चित्रावर शेरा होता का, हेसुद्धा अंगदला विचारलं नाही. परत आले तोवर दोनशे पिशव्यांची ऑर्डर गेली होती: 'चित्र: कु. योगिता सोमेश्वर, इयत्ता सहावी.' वर अंगदनं गुरुदक्षिणा म्हणून त्याच बैलांचा दहा बाय पंधराचा फ्लेक्स जाहीर केला. सत्तावीस वर्षं पेटीच्या तळाशी पडलेलं खोटं आता पंगतीला आलेल्या माणसाला रस्त्यावरून दिसणार होतं.

पिशव्या आल्या. काकांनी गठ्ठा फोडला, एक पिशवी बंदानं धरून उंच केली आणि मान वाकडी केली. बैल उलटे होते. बंद धरले की बैल आभाळात. बैल सरळ केले की पिशवीचं तोंड जमिनीकडं.

"उलटी धरली की बराबर दिसतंय," काका म्हणाले.

"आणि भाजी?" मी विचारलं.

"भाजी पडंल," काकांनी मान्य केलं.

अंगद घाम पुसत आला. "ताई, बैल समोरून बगतो मानूस, न्हाई तर बाजूनं. वरून बगितलेला बैल हाय ह्यो! वर कोनतं आन् खाली कोनतं, कळंना. म्या अंदाजानं लावलं."

कार्यक्रमाला पाच दिवस होते. बूड उसवून बंद तिकडं लावणं आणि जुनं तोंड शिवून टाकणं हाच एक उपाय. आईनं मला न विचारता फोन लावला. "अगं ती कडूबाई हाय की, शिरूर कासारची. दोन हंगाम झाले, तोडीला जात न्हाई. बायांना घेऊन शिवनकाम करती. दहाव्याला आलती बग. तू बोलली न्हाईस तिला."

बोलले नव्हते. ती आली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली होती.

दोन पोती घेऊन मी एसटीनं निघाले. निघताना काकांनी मूळ चित्रांचा गठ्ठा बळंच हातात दिला. "असल कागद संगं पायजेच. कुटं काय इचारतील, नेम न्हाई." बीडला गाडी बदलताना वाहकानं पोत्यांचं तिकीट मागितलं. मी काकांना फोन लावून दिला. दोघांचं नियमावर दहा मिनिटं बोलणं झालं, गाडी तेवढी उशिरा सुटली, आणि शेवटी तिकीट घ्यावंच लागलं.

कडूबाईच्या पत्र्याच्या खोलीत चार मशिनी होत्या. ती उठून उभी राहिली.

"या बाई. बसा."

"अगं, बाई काय? योगिता म्हण."

"सरांच्या लेकीला कसं म्हनावं?" तिनं पोत्यातून एक पिशवी काढली. बंद धरले, मग खालून धरली. बैलांवरून अंगठा फिरवला. नाव वाचलं. "ह्याचं वर कोनतं ठिवायचं? असल चित्र आनलंय का?"

मी गठ्ठा सोडला. काकांच्या दूरदृष्टीला मनात नाही नाही ते बोलले. ते चित्र मी तिच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि सहावीनंतर पहिल्यांदा सरळ बघितलं.

उसानं भरलेल्या गाडीच्या शेंड्यावरून दिसणारे दोन बैल. मातकट पाठी, पुढं गेलेली शिंगं, लांबवर अरुंद होत गेलेला रस्ता. आणि कागदाच्या अगदी खालच्या कडेला, लोंबणारे दोन अनवाणी पाय. चित्र काढणारीचे. अंगदनं 'घाण' म्हणून कापले होते ते हे. पाय असते तर वर कोणतं आणि खाली कोणतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

पायांच्या शेजारी लाल पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. कडूबाईनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

"'गाडीवर बसल्याशिवाय बैल असे दिसत नाहीत. शाब्बास.'" तिचं बोट पुढं मोकळ्या कागदावर सरकलं. "फुडं नाव न्हाई घातलं. सर तर नाव घातल्याबिगर शाब्बास लिवत नव्हते."

सत्तावीस वर्षांपूर्वीच अण्णांनी ओळखलं होतं. खोटं नाव त्यांना लिहायचं नव्हतं, आणि खरं नाव त्यांनी माझ्यासाठी सोडून ठेवलं होतं. त्या रविवारी त्यांनी ते मागितलं, आणि मला साडेपाचची गाडी होती.

"तुमी कवा गेलता तोडीला?" कडूबाईनं कात्री उचलत विचारलं.

"नाही गेले."

"मंग लई चांगलं काढलंय," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

मी तोंड उघडलं. नेमका तेव्हा फोन वाजला. "साडेतीनची गाडी फलाटाला लागली!" बद्रीनाथ काका वडवणीहून शिरूरच्या गाडीचं नियंत्रण करत होते. कडूबाई मान वर न करता म्हणाली, "जावा. पिशव्या मी घेऊन यीन." आणि मी, इतकी पुस्तकं हाताळलेली बाई, फोनचं निमित्त धरून, चित्र पर्समध्ये आणि गठ्ठा काखेत घालून पळाले.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी फ्लेक्स उभा होता. एका कोपऱ्यात अण्णांचा फोटो, मधे बैल, खाली माझं नाव. वर सहा रिकामे गोल होते. "पुढाऱ्यांचे फोटो ऐनवेळी टाकायचे ठरलं तर जागा असावी," अंगद म्हणाला. कुणी ठरवलं नाही, गोल तसेच छापून आले. कीर्तनकार महाराजांनी ते शून्याचं, निराकाराचं रूप असल्याचं सविस्तर समजावलं. लोकांनी माना डोलावल्या. अंगदनंही डोलावली.

कडूबाई पिशव्या घेऊन वेळेवर आली होती. दोनशेच्या दोनशे सरळ. बायकांच्या रांगेत, खांबाला टेकून बसली होती.

कीर्तनानंतर बद्रीनाथ काकांनी माइक घेतला. "कला ही रगतात असावी लागती. ज्या पोरीनं सहावीत असताना हे बैल काढले, बापाचं नाव जिल्ह्यात केलं, ती आता दोन शब्द..."

पर्समध्ये लिहून आणलेलं भाषण होतं. मी पर्स उघडली तेव्हा हाताला भाषण नाही, ते मूळ चित्र लागलं. माइक काकांच्या उंचीला बांधलेला होता. मला टाचा वर कराव्या लागल्या. माइकनं आधी एक लांब शिट्टी मारली. पुढच्या रांगेत आई मांडीवर पिशवी ठेवून बसली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. अण्णांच्या फोटोकडं बघितलं.

"अण्णा," मी म्हणाले, आणि भोंग्यातून ते गावभर गेलं. "त्या रविवारी तुम्ही विचारलं होतं, हे चित्र कुणाचं. मी खोटं सांगितलं. हे कडूबाईचं आहे. तुम्हाला द्यायला तिनं माझ्याकडं दिलं होतं. मी त्यावर माझं नाव लिहिलं. तुम्हाला माहीत होतं. तरी मी म्हणायची वाट बघितलीत."

काकांचा हात माइककडं निघाला आणि मधेच थांबला. मग खांबाजवळून आवाज आला.

"आन् माजे पाय बी कापलेत त्या अंगदनं!"

कुणीतरी हसलं. आईनं डोळ्याला पदर लावला, पण पिशवी सोडली नाही. मी चित्र दोन्ही हातांनी वर धरलं आणि लाल अक्षरं शेवटपर्यंत वाचली.

"गाडीवर बसल्याशिवाय बैल असे दिसत नाहीत. शाब्बास, कडूबाई."